विचारा छत्रीवाल्या भाऊंना : बडग्या निघतो का, ते बघा

१९९२ पासून २०१९ पर्यंत नागपूरच्या महाल भागात केबलचा धंदा केलेले आमचे छत्रीवाले भाऊ या सदरात टीव्ही, केबल आणि देशोदेशीच्या चॅनेलांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात. डिश अँटेनाला नागपुरात छत्री म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.

प्रश्न : भाऊ, माझी नात बारावीला आहे. तिने फ्रेंच घेतलंय. मी संस्कृत घे म्हटलं होतं, पण आजकाल ऐकतं कोण! तिच्या मॅडमनी रोज फ्रेंच बातम्या ऐकायला सांगितल्या आहेत. आमच्या केबलवाल्याला विचारलं तर म्हणतो, "आजी, असं चॅनेलच नसते." घरी वायफाय आहे, टीव्ही पाच वर्षांचा आहे. फ्रान्सचं चॅनेल नागपुरात दिसतं का? आणि ते चालवतं कोण?
– निवृत्त शिक्षिका, लक्ष्मीनगर

उत्तर : बाई, केबलवाल्याचं मनावर घेऊ नका. चॅनेल आहे, फक्त त्याच्या यादीत नाही. आमच्या धंद्यात "आमच्याकडे नाही" असं कुणी म्हणत नसे. "असं नसतेच" म्हणायचं, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे विचारायला जात नाही. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू.

चॅनेलचं नाव फ्रान्स २४. फ्रेंच लोक 'फ्राँस व्हँत-कात्र' असं काहीतरी म्हणतात. माझा उच्चार चुकला असेल तर नातीने दुरुस्त करून कळवावा. यूट्यूबवर ते चोवीस तास थेट चालू असतं आणि फुकट असतं. फ्रेंच, इंग्रजी, अरबी आणि स्पॅनिश अशी चार वेगवेगळी चॅनेलं आहेत, त्यातलं फ्रेंच निवडायचं. टीव्ही स्मार्ट असेल तर वायफायवर लगेच लागेल. नसेल तर टीव्हीच्या मागच्या एचडीएमआयच्या खाचेत लावायची एक स्टिक मिळते, बर्डीवर कुठल्याही दुकानात. कुणी गच्चीवर आठ फुटी छत्री लावून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पण तुम्ही आयुष्यभर शिकवलंय, तुम्हाला हे पटेल. बारावीच्या पोरीला पहिल्याच दिवशी फ्रेंच बातम्यांसमोर बसवणं म्हणजे पोहायला शिकवायला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाल्यावर नेणं. निवेदक श्वास घ्यायला थांबत नाहीत. फ्रान्स २४ ची थोरली बहीण आहे आरएफआय, म्हणजे त्यांचा परदेशासाठीचा रेडिओ. त्यावर रोज दहा मिनिटांचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र असतं, 'झुर्नाल आँ फ्राँसे फासिल'. बातम्या त्याच, पण अवघड शब्द आला की निवेदक तो उलगडून सांगतात. चार महिने ते ऐकू द्या. टीव्ही त्याच्यानंतर.

वेळेचं एक सांगून ठेवतो. पॅरिस आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. त्यामुळे तिकडे तासाचा ठोका पडतो तेव्हा आपल्याकडे नेहमी 'साडे' वाजलेले असतात. संध्याकाळी साडेसहाला लावलंत की टीव्हीवरचं बातमीपत्र सुरुवातीपासून मिळेल.

आता चालवतं कोण. त्यासाठी २००३ मध्ये जावं लागेल. मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा माझ्या कंट्रोल रूमचा फोन थांबत नव्हता. "भाऊ, सीएनएनवर मुंग्या येऊन राहिल्या", "भाऊ, बीबीसी कितव्या नंबरवर टाकलं?" (एक दिवस मात्र फोन एकदम शांत होता. २३ मार्च, रविवार, वर्ल्ड कपची फायनल. त्या दिवशी महालात इराक कुणालाच आठवला नाही. पाँटिंगने १४० मारल्यावर पुन्हा फोन सुरू झाले, तेही मलाच शिव्या द्यायला.) तर जगभर ते युद्ध लोकांनी बहुतेक इंग्रजी चॅनेलांच्या डोळ्यांनी पाहिलं. फ्रान्स त्या युद्धाच्या विरोधात होता. १४ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत त्यांचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांचं भाषण झालं आणि टाळ्या पडल्या. त्या सभागृहात टाळ्या पडत नसतात. पण आपली बाजू जगाला ऐकवायची तर आपल्याकडे भोंगाच नाही, हे फ्रेंचांना तेव्हा फार खुपलं. अध्यक्ष जाक शिराक यांच्या डोक्यात 'फ्रेंच सीएनएन' आधीपासून होतं. ६ डिसेंबर २००६ ला ते सुरू झालं, पहिल्याच दिवसापासून फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. पुढच्या वर्षी अरबी आलं. स्पॅनिश २०१७ मध्ये, आणि ते चालतं थेट कोलंबियातल्या बोगोटाहून. सुरुवातीला अर्धी भागीदारी तेफ-अं (TF1) या खाजगी कंपनीची होती आणि अर्धी तिथल्या सार्वजनिक टीव्हीची. काही वर्षांत खाजगी भागीदार बाहेर पडला. आता फ्रान्स मेदिया माँद या सार्वजनिक कंपनीच्या छपराखाली हे चॅनेल, आरएफआय आणि एक अरबी रेडिओ असे तिघे राहतात. ऑफिस पॅरिसला लागून असलेल्या इसी-ले-मुलिनो या गावात आहे.

प्रश्न : तुम्ही गेल्या दोन-तीन अंकांत 'पब्लिक चॅनेल, पब्लिक चॅनेल' करून राहिले. सरकारचा पैसा खाल्ला की ते सरकारचंच पोपट. आम्ही पंचवीस वर्षं दूरदर्शनवर मंत्र्यांच्या फिती कापताना पाहिल्या. गोऱ्याचं असलं म्हणून काय वेगळं होते?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : दादा, फिती मीही पाहिल्या. आणि तुम्ही म्हणता तसंच मलाही वाटायचं. माझं मत बदललं ते आमच्या गल्लीतल्या एका गिऱ्हाइकामुळे. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणायचो. महिन्याचे पैसे पाच तारखेला द्यायचे आणि दिल्यावर अर्धा तास डोकं खायचे. त्यांच्याजवळ एक लांबट जमाखर्चाची वही होती. रोज रात्री दोन चॅनेलांच्या फक्त पहिल्या तीन बातम्या ते क्रमाने लिहून ठेवायचे. बाकी बातमीपत्र पाहायचेच नाहीत. मी एकदा विचारलं, "सर, यात काय सापडते?" म्हणाले, "कोण काय बोलतो ते कुणीही सांगेल. कोण कुठल्या दिवशी गप्प बसला, ते वहीशिवाय सापडत नाही."

सर गेले. वही त्यांच्या मुलाने रद्दीत घातली असावी, विचारायचा मला धीर झाला नाही. पण ती सवय मी घेतली. धंदा बंद केल्यापासून वेळही भरपूर आहे.

आधी पैशाचं बघू. 'सरकारचा पैसा' ही एकच वस्तू नाही. फ्रान्समध्ये २०२२ पर्यंत घरात टीव्ही असला की वर्षाला १३८ युरो फी भरावी लागे, आणि ती सार्वजनिक टीव्ही-रेडिओला जायची. त्या वर्षी ती फी बंद केली. आता व्हॅटच्या वसुलीतून वाटा मिळतो. म्हणजे आधी पैसा लोकांकडून जवळपास सरळ यायचा, आता दर वर्षी संसदेच्या दारात उभं राहायचं. तिथल्या पत्रकारांनी तेव्हा बोंब मारली होती, आणि मला ती पटते. जर्मनीचं परदेशासाठीचं चॅनेल, डॉइच वेले, १९५३ चं आहे. ते केंद्राच्या तिजोरीतूनच चालतं, तर तिकडच्या देशांतर्गत टीव्हीला घरटी फी मिळते. बीबीसीची तर आणखी मजा. ब्रिटनमधली घरं लायसन्स फी भरतात, पण तुम्हा-आम्हाला केबलवर दिसणारं बीबीसीचं बातम्यांचं चॅनेल जाहिरातींवर जगतं. आणि दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारी आपली प्रसार भारती? कायदा झाला १९९० मध्ये, अमलात यायला १९९७ उजाडलं. पाळण्यातलं पोर सात वर्षांत शाळेत जातं.

म्हणून नुसता पैसा पाहून काही ठरत नाही. मी बघतो, संपादकाला घरी बसवायची चावी कुणाच्या खिशात आहे. डॉइच वेलेच्या प्रमुखाला सहा वर्षांसाठी निवडते एक १७ जणांची परिषद. तिच्यात सरकार आणि संसद यांची माणसं आहेत, पण जास्त जागा चर्च, कामगार संघटना असल्या बाहेरच्या संस्थांना. ही व्यवस्था फार पवित्र आहे असं मी म्हणत नाही. पण मंत्र्याला सकाळी उठून एका फोनवर माणूस बदलता येत नाही, एवढं नक्की.

चावी एकाच खिशात असली तर काय होतं, ते २०२५ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्हॉइस ऑफ अमेरिका हे तिथल्या सरकारी पैशावरचं प्रसारण १९४२ पासून बोलत होतं, हिटलरच्या विरोधात सुरू झालेलं. बातमी निःपक्ष असली पाहिजे, असा १९७६ चा कायदाही त्याच्या पाठीशी. १४ मार्चला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी तिथली जवळपास सगळी माणसं सक्तीच्या रजेवर. पुढे कोर्टकचेरी झाली, पण माईक बंद करायला एक दिवस पुरला.

आता तुम्ही म्हणाल, मग खाजगीच बरं. तेही सांगतो. मी धंद्यात आलो तेव्हा स्टारची सगळी चॅनेलं एशियासॅट-१ या उपग्रहावरून यायची. त्याचे झोत दोन, उत्तरेचा चीनकडे आणि दक्षिणेचा आपल्याकडे. दोन्हींवर बीबीसी होतं. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांनी स्टार घेतलं. चीनच्या सरकारला बीबीसी खुपत होतं, आणि १९९४ मध्ये उत्तरेच्या झोतावरून ते काढून टाकलं. महालातल्या आमच्या छत्रीला काही कळलं नाही, आपण दक्षिणेच्या झोताखाली. तिकडच्या केबलवाल्याने मात्र एका सकाळी रिसीव्हर ठोकून पाहिला असेल, कनेक्टर बदलला असेल, एलएनबीला, म्हणजे छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, शिव्या दिल्या असतील. मालक खाजगी होता, दादा.

मग ओळखायचं कसं? तुम्ही सक्करदऱ्याचे, तुम्हाला मारबत सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रस्त्यावर येतं, आणि मागून बडगे, म्हणजे लोकांना खुपणाऱ्या गोष्टींचे पुतळे, येतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, कधी थेट पुढाऱ्याचाच. ज्या वर्गणीतून बडग्या होतो, तिच्यात त्या पुढाऱ्याचेही शंभर-दोनशे असतात. तरी निघतो. सार्वजनिक म्हणवणारं चॅनेल घरच्या सरकारचा बडग्या काढतं का, तेवढंच मी वहीत लिहितो.

२०२३ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं. पॅरिसमध्ये सफाई कामगारांचा संप होता, फुटपाथवर माणसाच्या छातीइतके कचऱ्याचे ढीग. मी रोज फ्रान्स २४ चं इंग्रजी लावून बसायचो. मला वाटलं, परदेशी पाहुण्यांना आयफेल टॉवर दाखवतील आणि कचरा पडद्यामागे ढकलतील. तर पहिली बातमी कचरा, दुसरी मोर्चा, तिसरी संसदेत मतदान न घेताच कायदा कसा रेटला ती. माझ्या वहीत त्या आठवड्याला बडग्याची खूण आहे.

पण त्याच वहीत दुसरी पानंही आहेत. आफ्रिकेतल्या ज्या देशांत फ्रान्सचं सैन्य वर्षानुवर्षं होतं, तिथलं वार्तांकन मी जरा सावधपणे बघतो. मालीच्या लष्करी सरकारने २०२२ मध्ये फ्रान्स २४ आणि आरएफआय दोन्ही बंद केली. बुर्किना फासोने २०२३ च्या मार्चमध्ये फ्रान्स २४ बंद केलं, आणि त्याच वर्षी नायजरनेही. पॅरिसचे भोंगे, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं अगदीच पोकळ नाही, कारण फ्रान्सचा आवाज जगात पोचावा म्हणूनच तर चॅनेल काढलं होतं, फुकट तेल कुणी जाळत नाही. पण बंदीची कारणं बघितली की गोष्ट वेगळी दिसते. मालीत राग होता तो लष्कराच्या अत्याचारांवरच्या बातम्यांचा. बुर्किना फासोत राग होता, अल-कायदाच्या तिकडच्या म्होरक्याने चॅनेलच्या पत्रकाराच्या प्रश्नांना लेखी उत्तरं दिली आणि त्यांवर बातमी झाली याचा. यातलं कुठलंच काम पोपटाचं नव्हे. माझं मत विचाराल तर हे चॅनेल फ्रान्सच्या अंगणातला कचरा दाखवतं, फ्रान्सच्या जुन्या जहागिरीबद्दल बोलताना मात्र शब्द तोलून वापरतं. तुम्ही महिनाभर वही ठेवा, तुमचं मत वेगळं निघालं तर मला लिहा.

रशियाचं आरटी, चीनचं सीजीटीएन यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, म्हणून एवढंच सांगतो : तिथे मला खूण करायला अजून जागा मिळाली नाही.

प्रश्न : मुलाकडे जर्मनीत होतो तेव्हा एक चॅनेल पाहिलं. एक कार्यक्रम नुसत्या चित्रांचा, एक शब्दही बोलत नाहीत. आणि रिमोटने भाषा बदलता येत होती, चित्र तेच. हा काय प्रकार?
– नंदनवन

उत्तर : ते युरोन्यूज, आणि तो कार्यक्रम 'नो कॉमेंट'. मला फार आवडतो. मोर्चा असेल तर फक्त मोर्चाचा आवाज, पूर असेल तर फक्त पाण्याचा. आपल्याकडच्या एखाद्या निवेदकाला शिक्षा म्हणून दाखवावा.

युरोन्यूज १ जानेवारी १९९३ ला फ्रान्समधल्या लियोंमधून सुरू झालं. १९९१ च्या आखाती युद्धात सगळं जग सीएनएन पाहत होतं, म्हणून युरोपातल्या सार्वजनिक टीव्ही कंपन्यांनी मिळून ते काढलं. भाषा पाच होत्या, स्टुडिओत निवेदक एकही नाही. निवेदक दाखवला तर त्याचे ओठ एकाच भाषेत हलणार. म्हणून चित्र सर्वांना एक, आणि त्याच्यासोबत प्रत्येक भाषेचा आवाज वेगवेगळ्या धाग्याने सोडलेला. रिमोटचं 'ऑडिओ' बटण दाबलं की धागा बदलायचा.

हे बटण फार वाईट आहे. आमच्या कंट्रोल रूममध्ये एका पोराच्या हातून लहान मुलांच्या एका चॅनेलच्या रिसीव्हरवर ते दाबलं गेलं होतं. संध्याकाळभर बडकस चौकापासून कोतवालीपर्यंत सगळी कार्टून्स तमिळ बोलत होती. तक्रार एकाही पोराने केली नाही, सगळ्या आयांनी केल्या.

एका चित्राला अनेक आवाज जोडण्यात पैसा वाचतो, पण बातम्यांचा क्रम सगळ्यांना सारखाच मिळतो. फ्रान्स २४ चं तसं नाही, तिथे प्रत्येक भाषेचं वेगळं चॅनेल आणि बोलणारी माणसंही वेगळी. त्यामुळे अरबीत जी पहिली बातमी, ती स्पॅनिशमध्ये चौथी असू शकते. दोन्ही चॅनेलं नुसती म्यूट करून शेजारी शेजारी लावून बघा, भाषा न येताही बरंच कळतं.

आणि हो, युरोन्यूजला आता सार्वजनिक म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये इजिप्तचे उद्योगपती नगीब साविरीस यांनी मोठा हिस्सा घेतला, २०२२ मध्ये तो एका पोर्तुगीज गुंतवणूक कंपनीकडे गेला.

प्रश्न : एवढ्या भाषांत बोलतात, मग मराठीनेच काय घोडं मारलं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मारलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बीबीसी रेडिओवरून मराठी बोलत होतं, १९५८ मध्ये ते बंद झालं. मग जवळपास साठ वर्षं गप्प. २ ऑक्टोबर २०१७ पासून बीबीसी मराठी पुन्हा आहे, पण इंटरनेटवर. डॉइच वेलेने १५ ऑगस्ट १९६४ पासून हिंदी धरली. तुझ्या घरी दूरदर्शन लागत असेल तर त्यांचा 'मंथन' हा विज्ञानाचा कार्यक्रम मोठ्या माणसांना आठवेल, विचार. मराठी चोवीस तास टीव्ही मात्र बाहेरच्या कुणी काढलेला नाही. कारण सरळ आहे. परदेशी सरकार पैसा ओततं ते जिथे आपलं म्हणणं ऐकवायची गरज आहे तिथे. आपण इंग्रजी आणि हिंदीत ऐकून घेतो, म्हणून तिसरा खर्च कोण करणार?

प्रश्न : फ्री डिशची छत्री आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन-चार दिवस रोज अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं, मग आपोआप येतं. जावई म्हणतात एलएनबी खराब, बदलू.
– मानेवाडा

उत्तर : ताई, जावयांना छत्रीजवळ जाऊ देऊ नका. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नागपूरहून पाहिलं तर दक्षिणेपासून जरा पूर्वेकडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या मध्याच्या आधी काही दिवस सूर्य नेमका त्याच्या मागे येतो. सूर्याचा गोंगाट एवढा, की उपग्रहाचा बारीक आवाज त्यात बुडतो. आम्ही त्याला सन आउटेज म्हणतो. त्या वेळी छत्रीकडे पाहिलंत तर एलएनबीची सावली बरोबर छत्रीच्या मधोमध पडण्याऐवजी खालच्या कडेला किंवा छत्रीबाहेर दिसेल, कारण आजकालच्या लहान छत्र्या तिरप्या बनवलेल्या असतात. मोठ्या जुन्या छत्रीवर ती मधोमध यायची आणि मी पोरांना गच्चीवर बोलावून दाखवायचो. दहा मिनिटं थांबा, चहा टाका. छत्री हलवली तर चित्र अकरानंतरही येणार नाही, आणि मग माणूस बोलवावा लागेल.